विद्यमान अ

माझ्या हातचा कोड कधी पडत नाही!

हे वाक्य मी त्या दिवशी सकाळी तीन वेळा म्हणालो. एकदा आरशाला, एकदा आमच्या आण्णांना, आणि तिसऱ्यांदा, जिथं अजिबात म्हणायला नको होतं तिथं, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांच्या तोंडावर.

मी मल्हार, मुक्काम केंदूर. शिक्रापुरात टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कंपनी आहे. खाली ट्रकचं टायर फुटलं की वर चहाचे कप नाचतात. आम्ही लाइटचे बोर्ड बनवतो, लाल अक्षरं सरकत जातात ते. मोबाइलवरून नाव टाकायचं, शेपूट निवडायचं, बोर्ड चालू! शेपटं तीन. 'यांना भावपूर्ण श्रद्धांजली', 'यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि 'यांची निवड झाल्याबद्दल अभिनंदन'. माणसाच्या आयुष्यात यापलीकडं काही घडतं, असं आमच्या साहेबांना वाटत नाही.

बोर्डाच्या पोटात छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. आणि त्या कर्नलमध्ये मोबाइलवरचं नाव उचलून दिव्यांपर्यंत पोचवणारा भाग, तो माझा!

लग्नासाठी मला तोवर अकरा ठिकाणांहून नकार आला होता. दहा जणांनी 'मुलगा दिवसभर काय करतो ते कळत नाही' म्हणून दिला, अकराव्यांनी ते कळलं म्हणून. बारावं ठिकाण केडगावचं. मुलगी धनश्री, रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटी तपासते. तिचा होकार होता. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी, म्हणजे मारुतराव आप्पांपाशी.

"सोमवारी आमची साठी हाय," आप्पा म्हणाले. "तुमचा तो बोर्ड लावा पाव्हणं. झ्याक लागला तर तिथंच मांडवात सुपारी फोडू."

"आप्पा, माझ्या हातचा कोड कधी पडत नाही!"

हीच ती तिसरी वेळ. तिथून घरी पोचतोय तोवर धनश्रीचा फोन.

"बोर्ड तयार हाय का?"

"एकदम! कंपायलरनं पास केलाय." कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देणारा प्रोग्रॅम. देता देता आपल्या चुकाही काढतो.

"वॉर्निंग किती?"

"चारशे बारा."

"चारशे बारा?"

"अहो, पण एरर एकही नाही! वॉर्निंग म्हणजे काय, आत्यानं 'गाडी हळू चालव रे' म्हणावं तसं. मान हलवायची आणि ॲक्सिलरेटर पिळायचा."

"वाचल्या का तुम्ही?"

"त्याचं तोंड बंद करायची सोय असते. बंद केलं."

"आमच्याकडं एका नटाला ओरखडा असला तरी अख्खी पेटी परत जाते. आन् टेस्ट कुणाच्या नावानं केली?"

"माझ्याच. 'मल्हार'. झकास सरकलं!"

"पद?"

"कसलं पद?"

"आवो, केडगावात बिनपदाचा माणूस बोर्डावर कवा आला?"

मी हसलो. सोमवारनंतर मात्र बरेच दिवस हसायचा योग आला नाही.

सोमवारी सकाळी अकराला रस्त्याच्या कडेला मांडव. आत उंच खुर्चीत गुलाबी फेट्याचे आप्पा, बाहेर कमानीवर रस्त्याकडं तोंड करून माझा बोर्ड. आप्पांच्या पुतण्यानं नाव टाकलं, शुभेच्छांचं शेपूट निवडलं. मी रस्त्यात उभा राहून छाती फुगवली. लाल अक्षरं निघाली:

'कार्यसम्राट मा. श्री. मारुतराव सोपानराव देवकाते, माजी उपसरपंच, माजी संचालक, दूध संस्था, विद्यमान अ यांना भावपूर्ण श्रद्धांजली यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'

माझी छाती जिथं होती तिथं खड्डा पडला.

सगळ्यात आधी वाचलं ते बँडवाल्यांनी. त्यांनी क्षणात चाल बदलली. धंद्यातली माणसं! समोर एसटी थांबली, खिडकीतून चार टोप्या निघाल्या. बोर्ड सरकता असल्यामुळं शुभेच्छा यायच्या आतच एसटी हलली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यानं टेपवरचं गाणं बंद केलं आणि हात जोडून निघून गेला.

मी प्लग काढायला धावलो. प्लग आप्पांच्या खुर्चीखाली! आणि आप्पांना फेटा बांधलेला असताना उठवणं म्हणजे सजवलेल्या बैलाला मिरवणुकीतून परत गोठ्यात नेणं.

"आप्पा, जरा पाय उचलता का?"

"पाया मागून पडा पाव्हणं, आधी बोर्ड बघू द्या लोकास्नी!"

लोक बघतच होते. प्लग हाती लागेपर्यंत दहा मिनिटं गेली, तोवर दोन एसट्या आणि सहा ट्रॅक्टर पुढच्या गावांना बातमी घेऊन गेले.

तासाभरात आप्पांच्या धाकट्या बहिणीची जीप आली. म्हाळसा आत्या खरं तर दुपारी जेवायलाच यायच्या होत्या, पण आता त्या हंबरडा फोडत उतरल्या. मागून ड्रायव्हर बादली घेऊन. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी करून आणली होती. "दादा रंऽ" म्हणत मांडवात शिरल्या आणि दादा समोरच बर्फी खात बसलेले!

"जित्ता हायेस व्हय रं?" आत्यांचे डोळे जागच्या जागी वाळले. "मंग मी ही बादलीभर पिठलं कुनासाठी घाटलं?"

मग सगळं उलगडलं. मी मान खाली घालून उभा. आता सुपारी नाही, बहुतेक चप्पल. पण आप्पा पोट धरून हसायला लागले.

"मला मारलं म्हना की! आयुष्य वाढलं माझं! आना ते पिठलं हिकडं!"

मी वाचलो होतो. अगदी दोन मिनिटं. कारण तेवढ्यात हौसराव आले, हातात पांढऱ्या फुलांचा हार. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदासाठी ते आप्पांशी गेली चार वर्षं भांडत आहेत.

"आप्पा, तुमी हायसा! बरं झालं." त्यांच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. "पर बोर्डावर 'विद्यमान अ'च कसं? अध्यक्षपद काढून घेतलं का काय कुनी?"

आप्पांच्या तोंडाकडं जाणारी भाकरी हवेतच थांबली.

"पाव्हणं, 'अ' म्हंजी काय?"

मग मी मांडवात उभा राहून दीडशे लोकांना मेमरी समजावली. मेमरी म्हणजे खणांची लांबच लांब फळी. नावाला मी दोनशे छप्पन्न खण दिले होते. मराठीचं एकेक अक्षर तीन तीन खण खातं, काना-मात्रा त्याहून वेगळ्या. आप्पांचं नाव 'विद्यमान'नंतरच्या 'अ'वर आलं आणि खण काठोकाठ भरले. नाव इथं संपलं, हे सांगणाऱ्या खुणेला जागाच उरली नाही! बोर्ड आपला वाचत वाचत शेजारच्या खणांत घुसला. तिथं श्रद्धांजली ठेवली होती.

"मंग कुनी आडवलं न्हाई त्याला?" आत्यांनी विचारलं.

"साध्या प्रोग्रॅमनं असं केलं तर कर्नल त्याची गचांडी धरतो, आत्या. पण हे खुद्द कर्नलनंच केलं. पोलीस पाटलाचीच शेळी उसात शिरल्यावर तक्रार कुणाकडं करायची?"

मांडवातल्या पोलीस पाटलांनी खाकरून घेतलं.

"पाच मिनिटांत नीट करतो!" मी लॅपटॉप उघडला. खणांची हद्द तपासली, खुणेसाठी शेवटी जागा राखली आणि प्लग लावला. श्रद्धांजली गायब! मी टाळ्यांची वाट बघत मागं वळलो.

आप्पा स्वतः रस्त्यावर येऊन वाचत होते. '...माजी संचालक, दूध संस्था, विद्यमान यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

"मघाशी निदान 'अ' तरी व्हता," हौसराव हळूच म्हणाले.

आप्पांचा फेटा थरथरला. "माजी समदं हाय! आन् जे आज हाय त्येच्या जागी मोकळं रान? मेलो म्हनलास, हसलो. पर तू माझं पद कापलंस! आण्णा, तुमचं पोरगं घिऊन जावा. सुपारी ऱ्हाऊ द्या!"

आमच्या आण्णांनी टोपी उचलली. तेरावं ठिकाण शोधायची त्यांना तशी सवय होती.

तेवढ्यात धनश्री खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "पहिल्या कोडच्या वॉर्निंग चालू करा."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"करा म्हणते ना!"

केल्या. चारशे बारा ओळी पावसाळ्यातल्या किड्यांसारख्या स्क्रीनभर पसरल्या. ती वरून वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. नाव कापलं जाईल आणि शेवटची खूण ठेवायला जागा उरणार नाही, असं कंपायलरनं लिहून ठेवलं होतं. फाइलच्या नावासकट, ओळीच्या नंबरासकट!

"तिसरीच," धनश्री म्हणाली.

"तिसरीच," मी म्हणालो.

"म्हंजी त्यानं आधी सांगितलं व्हतं?" आत्या पुढं सरकल्या.

"सांगितलं व्हतं आत्या. यांनी त्याचं तोंड बंद केलं."

आत्यांनी मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. "शानपनाचं सांगनाऱ्याचं तोंड बंद करतंय! आन् उद्या आमच्या पोरीचं?"

मी गुपचूप नावाला एक हजार चोवीस खण दिले. त्याहून लांब नाव आलं तर कापायचं नाही, घ्यायचंच नाही, उलट तसं मोबाइलवर सांगायचं, हेही लिहिलं. तिसरी वॉर्निंग गेली. प्लग लावला.

'...विद्यमान अध्यक्ष, तंटामुक्ती समिती यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

आप्पांनी तीनदा वाचलं. चौथ्यांदा हौसरावांना दंडाला धरून वाचायला लावलं. मग फेटा सरळ केला.

"आण्णा, टोपी ठिवा खाली. सुपारी आना!"

"थांबा आप्पा," धनश्री म्हणाली. "उरलेल्या चारशे अकरा शून्यावर आल्याशिवाय साखरपुड्याची तारीख धरायची न्हाई."

दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. त्यांतल्या एकोणीस वॉर्निंगा अशाच हद्दी ओलांडणाऱ्या निघाल्या. एक तर अभिनंदनाच्या शेपटाची होती. ती राहिली असती तर निवडून आलेल्या माणसाचं काय झालं असतं, ते सांगवत नाही.

गेल्या रविवारी साखरपुडा झाला. बोर्डावर आधी आप्पांचं नाव. आता हजार खण आहेत म्हटल्यावर त्यांनी पदंही वाढवून घेतली. आत्या तर शेवटी 'माजी कैलासवासी' टाका म्हणून हटून बसल्या होत्या. त्यानंतर मामा, काका, आत्या, चि. सौ. कां. धनश्री, आणि सगळ्यात शेवटी चि. मल्हार. आप्पांचं नाव सरकून होईपर्यंत जेवणाची एक पंगत उठत होती.

वॉर्निंग शून्य होत्या. कोड एकदाही पडला नाही. मी बोर्डाखाली उभा राहून माझ्या नावाची दोनदा वाट बघितली.

दोन्ही वेळा लाइट गेली.