ऐंशी किलो कमी

काटा ऐंशी किलो कमी दाखवत होता आणि भट्टीचं डोकं फिरलं होतं. भट्टी म्हणजे ट्रक ड्रायव्हर. त्या पोलाद कारखान्यातून सळ्यांचे भारे नेणारे पन्नासेक ड्रायव्हर होते, पण इतक्या लवकर तापणारा हा एकच, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला हे नाव ठेवलं होतं. या नावाने हाक मारली की तो भडकायचा, म्हणजे नाव काही चुकीचं नव्हतं.

"मॅडम, पुन्हा बघा!" तो केबिनमधून ओरडला.

"तीनदा बघितलं," काट्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "रिकामी गाडी आत आली तेव्हाचं वजन माझ्याकडे आहे. भरलेल्या गाडीचं समोर दिसतंय. वजाबाकी केली, तर भाऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांतल्या वजनापेक्षा ऐंशी किलो माल कमी भरतोय. दहा किलोपर्यंत आम्ही सोडतो. ऐंशी नाही."

"मग उरलेलं लोखंड मी खाल्लं की काय?"

"ते सिक्युरिटीचे साहेब विचारतील."

साहेब आले. भर उन्हात ताडपत्री काढायला लावली, एकूण एक भारा मोजला. बेचाळीसच्या बेचाळीस होते. कुणी भला माणूस असता तर म्हणाला असता, जा बाबा. साहेबांना उलट आणखी जोर चढला.

"मोजणीत पूर्ण आणि वजनात कमी! म्हणजे भाऱ्याभाऱ्यातून एकेक सळी ओढलीय. हुशार आहेस हं."

"साहेब, एकेक सळी बारा मीटर लांब आहे! ती काय मी खिशात घातली?"

"आवाज खाली. पोलीस आले की सांग त्यांना."

पोलीस म्हटल्यावर भट्टी पहिल्यांदाच गप्प बसला, आणि गप्प बसल्यामुळे त्याचं डोकं चाललं. अरे देवा! रिकाम्या गाडीचं वजन झालं तेव्हा सीटमागच्या फळीवर सासूबाई होत्या, आता नव्हत्या.

सकाळी त्यांची बस चुकली होती. "वाटेतच तर आहे गाव, सोडा ना आईला," असं बायको म्हणाली आणि हा कधी नव्हे तो हो म्हणून बसला. कारखान्यात गाडीतून दुसरं माणूस आणायला सक्त मनाई. म्हणून गेटच्या अलीकडे त्याने सासूबाईंना फळीवर आडवं केलं आणि वरून जुनी ताडपत्री ओढली. "आई, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," असं सांगितलं होतं. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. तो सह्या करायला गेला आणि परत येऊन बघतो तर फळी रिकामी. फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "मी बाहेर टपरीवर चहा पितेय. तुमचं लोखंड झालं की या."

तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं, गाढवाला!

आता काय करायचं? खरं सांगावं, तर सहा महिने गाडीला गेटबंदी. न सांगावं, तर चोर. त्याने दातओठ खाल्ले आणि सांगून टाकलं.

"साहेब, ते ऐंशी किलो... माझ्या सासूबाई आहेत."

मागच्या रांगेतले ड्रायव्हर इतके हसले, की एकाचा हात हॉर्नवरून निघेना.

"पुरावा?" साहेब अजिबात हसले नाहीत. "आण त्यांना. काट्यावर उभ्या राहू देत."

टपरीवर सासूबाई एका मोठ्या पिशवीशेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

"तीन तास उकडून काढलंत, आता वजन करायला नेताय? मी काय सळ्यांचा भारा आहे? मुळीच येणार नाही."

"आई, पाया पडतो. ऐंशी किलोंचा हिशोब लागला नाही तर मला आत टाकतील!"

"किती?"

"ऐंशी."

सासूबाई उठल्याच. "माझं वजन ऐंशी? कुठल्या मेल्याने सांगितलं? चला, दाखवतेच त्याला!"

त्या तरातरा निघाल्या. भट्टी मागे धावत होता आणि अर्ध्या रस्त्यात त्याच्या लक्षात आलं. यांचं म्हणणं खरं निघालं तर मेलोच की आपण!

म्हणणं खरं निघालं. ट्रक मागे घेतला, सासूबाई त्या मैदानाएवढ्या काट्याच्या मधोमध एकट्या उभ्या राहिल्या आणि आकडा आला साठ.

"बघा! डोळे उघडून बघा!" त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा कडाडल्या.

"वीस किलो अजून कमी आहेत," साहेब म्हणाले.

"आई, कशाला एवढ्या बारीक राहिलात?" भट्टी रडवेला झाला.

"रडता काय? माझी पिशवी होती की गाडीत! ती कोण धरणार हिशोबात?"

पिशवी आणली आणि साहेबांनी ती उपडी केली. लोखंडी कढई, दोन तवे आणि एक भलामोठा खलबत्ता धाडधाड खाली पडला.

"लोखंड!" साहेबांचा चेहरा उजळला.

"ही तर माझ्या घरची कढई!" भट्टी किंचाळला.

"तुमचीच. ही काळी भांडी फेकून द्या म्हणून तुम्हीच घर डोक्यावर घेतलं होतं ना? लेक फेकणार होती, मी म्हटलं मला दे."

पिशवीसकट सासूबाई पुन्हा उभ्या राहिल्या. बरोबर ऐंशी. मॅडमनी मान डोलावली. चोरी मिटली. पण साहेब कसले सोडतात! त्यांनी रजिस्टर उघडलं. "गाडीत परका माणूस. गेटबंदी, सहा महिने."

भट्टीने कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून पुढे सरकल्या.

"लिहा. पण सगळं लिहा. मी वीस किलो लोखंड घेऊन तुमच्या गेटमधून चालत बाहेर गेले. कुणी अडवलं नाही. उलट तुमच्या त्या शिपायाने पिशवी उंबऱ्यावरून उचलून दिली, वर 'सांभाळून जा, आजी' म्हणाला. तेही लिहा. आणि त्या वेळी साहेब कुठे होते, तेसुद्धा."

पेन थांबलं. साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई आभाळाकडे बघू लागला.

"उन्हाने कधीकधी काटाच चुकतो," साहेब हळूच म्हणाले. "काय मॅडम?"

"माझा काटा चुकत नाही!"

"बरं, बरं! आजींना पिशवीसकट गाडीत बसवा, नव्याने वजन घ्या, नवी पावती द्या आणि घालवा एकदाचं यांना!"

नव्या पावतीवर सगळं जुळलं. गाडी गेटबाहेर पडली. सासूबाई या वेळी ऐटीत पुढच्या सीटवर होत्या आणि तासभर बोलत होत्या. जावयाची अक्कल, जावयाची ताडपत्री, जावयाचा अर्धा तास, काही म्हणून सोडलं नाही. भट्टीला राग येत होता, पण ज्या बाईने गाडी वाचवली तिच्यावर कुठल्या तोंडाने ओरडणार?

"हं, आलं गाव. थांबवा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने ब्रेकवर पाय ठेवला. समोरच्या काचेपाशी पावती फडफडत होती. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली आणि पाय ब्रेकवरून काढला.

"अहो जावईबापू! गाव मागे गेलं!"

"आई," तो म्हणाला, "माल जिथे उतरवायचाय, तिथेही काटा आहे. भरलेल्या गाडीचं वजन पावतीशी जुळलं नाही, तर ते दारातच अडवतात."

"मग?"

"पावतीवर तुम्ही आहात."

सासूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो पुढचे दीडशे किलोमीटर थांबला नाही. त्याला एकदाच मध्ये बोलायला मिळालं. जेवायला गाडी थांबवली तेव्हा सासूबाईंनी रागाने ताट ढकललं आणि भट्टीने ते हात जोडून पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"खा हो आई, पोटभर खा. दहा किलोपर्यंतच सोडतात."