हमरापूरचं पायनीन प्रकरण

हमरापुरात हिरामणच्या गणपतींच्या कारखान्यासमोर सरकारी जीप येऊन थांबली तेव्हा तो एका गणपतीचा उजवा डोळा आखून डाव्याकडे वळत होता. डावा डोळा होईपर्यंत मंडळींनी जरा थांबावं, असं त्याला वाटलं. पण जीपमधल्या यंत्राला तेवढा धीर नव्हता. ते दारातच टीं टीं करायला लागलं.

यंत्राचं नाव टर्पीनमापक. अंमली वनस्पती वासावरून हुडकण्यासाठी 'गंधशोध पथक' नावाचं एक नवं पथक निघालं होतं आणि त्याच्या वाट्याला पेण तालुका आला होता. गांज्याला जो वास येतो तो टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांचा. तेव्हा तो वास जिथे, तिथे गांजा, असा सरळ विचार यंत्र खरेदी करणाऱ्यांनी केला होता. त्यात एकच बारीकशी अडचण निघाली. निसर्गानं ही द्रव्यं एकट्या गांज्याला दिलेली नव्हती. यंत्र पेणच्या बाजारात लिंबांच्या पाटीवर वाजलं, मिरीच्या पोत्यावर वाजलं, कोथिंबिरीच्या जुडीवर वाजलं, आणि पथकप्रमुख दिनानाथसाहेबांच्या डब्यातल्या लिंबाच्या लोणच्यावर तर थांबेचना.

साहेब कर्तव्यदक्ष होते. मोहीम संपत आली होती आणि कारवाईच्या रकान्यात शून्य होतं. लिंबं सील केली तर नासतात, आणि नासलेल्या मुद्देमालाचा खुलासा द्यावा लागतो. कोथिंबीर तर पंचनामा पुरा होईपर्यंतच मान टाकते. नासणार नाही असा मुद्देमाल हवा होता. गणपती नासत नाहीत.

"हा वास कसला?" साहेबांनी दारातून विचारलं.

"टर्पेंटाइनचा, साहेब. रंग पातळ करायला आनि ब्रश धुवायला लागतं. रामवाडीच्या फारुखभाईंच्या दुकानातून आणतो."

साहेबांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. "इथं पायनीन दाखवतंय. पायनीन गांज्यात असतं."

"असंल. पण हितं गांजा नाय."

"गांजा आहे असं मी कुठं म्हटलं? गांज्यातलं आहे, असं म्हणतोय."

आतून हिरामणची बायको सगुणा हात पुसत बाहेर आली. "म्हंजे मिठागरावरच्या बाईच्या अंगाला मीठ लागलं, तर तिला खाडी बोलणार का तुम्ही?"

"बाई, शासकीय कामात उपमा देऊ नका," साहेब म्हणाले आणि हिरामणकडे वळले. "डोळे आखताना तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. लपवलंत तर गुन्हा वाढतो."

हिरामणला लपवायचं सुचलंच नाही. डोळ्यांबद्दल त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो खुलला. "काय सांगू साहेब, डोकं एकदम शांत होतं. भूक लागत नाय, कोन हाक मारतंय ते ऐकू येत नाय. वेळ कसा जातो कळत नाय."

साहेब भराभर लिहीत होते. 'संशयित अनेक वर्षांपासून नियमित सेवनाखाली असून भूक, श्रवण व कालभान या तिन्हींवर परिणाम झाल्याचे स्वतः कबूल करतो.' मग त्यांनी कारखान्याला सील ठोकलं. आत शेकडो गणपती, त्यांत एकाचा डावा डोळा राहिलेला. चतुर्थी तोंडावर आली होती.

त्या दिवसापासून हिरामण सकाळी उठून बंद दाराच्या फटीला डोळा लावायचा. तो एका डोळ्याचा गणपती बरोबर दारासमोरच होता. "तो माझ्याकडं बघतोय गो," तो सगुणाला म्हणायचा.

"अर्धाच बघतोय," ती म्हणायची. "त्यानं पुरं बघावं असं वाटत असंल तर हल जरा. साहेब बोलला ना, प्रयोगशाळेचा दाखला आना?"

फारुखभाईंनी टेम्पो काढला. रंगाचं दुकान त्यांचं असल्यामुळे प्रकरणात आपलंही नाव येणार, ही भीती त्यांना होतीच. पण हिरामणला एकट्याला पाठवणं त्यांना पटलं नाही. रोह्याला कारखान्यांच्या वसाहतीशेजारी एक खासगी प्रयोगशाळा होती. तिथल्या मृणालीमॅडमनी दुकानातून नेलेला टर्पेंटाइनचा डबा उघडून हुंगला, नमुना यंत्रात घातला आणि नीट समजावून सांगितलं.

"हे पायनीन आहे, बरोबर. लिंबात लिमोनीन, कोथिंबिरीत लिनालूल, मिरीत कॅरिओफिलीन. ही सगळी गांज्यातही असतात. पण नशा यांनी होत नाही, ती वेगळ्या द्रव्यानं होते. यांच्यामुळे मन शांत होतं, सूज उतरते, झोप लागते, असं काही अभ्यासांतून दिसतं. पण बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांबद्दल खात्रीनं सांगावं इतका पुरावा अजून नाही. आणि टर्पेंटाइनची वाफ चांगली नव्हे. डोकं दुखतं तिनं. खिडक्या उघड्या ठेवत जा."

"हेच लिहून द्या," फारुखभाई म्हणाले. मॅडमनी हेच लिहून दिलं.

दिनानाथसाहेबांनी अहवाल जीपमध्ये बसूनच वाचला. जीपच्या काचेपाशी एक छोटी काळी बाटली होती आणि तिच्यातून मंद वाफ येत होती. अहवालातल्या 'मन शांत होते' या तीन शब्दांखाली त्यांनी लाल रेघ ओढली. उंदीर आणि पुरावा त्यांनी वगळले. दोन्ही त्यांच्या अधिकारकक्षेबाहेर होते.

"साहेब, ह्या बाटलीलाबी तोच वास येतोय," हिरामण न राहवून म्हणाला.

"ही थेरपी आहे. पुण्याहून मागवलीय, ताणतणावासाठी. टर्पीन ब्लेंड."

"मग माझ्या डब्यात काय हाय?"

"तुमच्या डब्यावर थेरपी लिहिलेलं नाही," साहेब शांतपणे म्हणाले. बाटली आपलं काम चोख करत होती.

तरीही साहेब निर्दय नव्हते. त्यांनी नियमांत शोधून एक वाट काढून दिली. संबंधित जागेत मनावर कोणताही परिणाम होत नाही, हे पाच पंचांनी आत उभं राहून सिद्ध करावं. सिद्ध झालं की सील निघेल.

सील तात्पुरतं उघडलं. फारुखभाईंनी टर्पेंटाइनचे सगळे डबे उचलून नेले, सगुणानं खिडक्या उघडल्या. पहिली पंच म्हणून शेजारच्या सीताबाई आत गेल्या. बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावून त्या एका मोठ्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. हात आपोआप जोडले गेले, डोळे भरले.

"कसं वाटतंय, आजी?"

"बरं वाटतंय रं बाबा. घरची सगळी काळजी इसरले बघ."

साहेबांनी नोंद केली: 'स्मृतिभ्रंश.'

दुसरे पंच फारुखभाई. हिरामणला त्यांचीच आशा होती. ते उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि हसले. "खोटं कसं लिहू, हिरामण? मी दरवर्षी रंग पोचवायला येतो तो उगाच तासभर बसून जातो. इथं मला बरंच वाटतं."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी मोठ्यानं वाचत नोंद केली: 'अन्यधर्मीय व्यक्तीवरही तोच परिणाम. सबब परिणाम श्रद्धेचा नसून रासायनिक आहे.'

एकदा मूर्तीचा चेहरा नीट दिसावा म्हणून साहेब स्वतःही दोन पावलं आत आले. त्यांची कपाळावरची आठी सुटली, खांदे सैल झाले. ते दचकले आणि घाईनं बाहेर पडले. पुढची पाहणी त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच केली.

हिरामण ओट्यावर डोकं धरून बसला. गावात विचारून झालं. जो तो म्हणे, येतो, पण वाटलं तर वाटलंच म्हणणार. गणपतीपुढं उभं राहून काहीच न वाटणारी माणसं आणायची कुठून?

ती आपणहून आली. पनवेलकडच्या एका मोठ्या मंडळाचा कार्याध्यक्ष विशाल आपली बुक केलेली मूर्ती न्यायला चार कार्यकर्त्यांसह गाडी घेऊन आला. सील पाहून आधी तो भडकला. मग त्याला अट सांगितली.

"एवढंच ना? आत उभं राहायचं? चला रे."

पाचही जण मूर्तीसमोर उभे राहिले. विशाल फोनवर डीजेवाल्याशी भांडत होता. एकानं मुकुटापासून पाटापर्यंत टेप धरली आणि पुलाखालून जाईल का ते मोजलं. एकानं मूर्तीकडे पाठ करून स्वतःचं रील काढलं. उरलेल्या दोघांची बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावरून कुजबुज चालली होती. पाच मिनिटं झाली. नाडीचे आकडे जागचे हलले नव्हते.

"काही वाटलं?" साहेबांनी विचारलं.

विशालनं फोन छातीशी दाबला. "कशाचं?"

साहेबांनी टोपी काढली. इतके निर्दोष पंच त्यांना नोकरीत मिळाले नव्हते. पाचही सह्या झाल्या आणि सील कायमचं निघालं. मुक्ततेच्या अटी दोन होत्या. प्रत्येक मूर्तीच्या तळाशी लेबल लावायचं: 'या मूर्तीच्या सान्निध्यात मनावर कोणताही परिणाम होत नाही.' आणि आखणी करताना मन शांत होऊ देणार नाही, असं हमीपत्र कारागिरानं द्यायचं.

"सही कर," सगुणा म्हणाली. "लोक खोळंबलेत."

हिरामणनं सही केली. मग तो राहिलेल्या डाव्या डोळ्यासमोर बसला. उंबऱ्याबाहेर यंत्र घेऊन साहेब उभे, दारात गाडीचा हॉर्न, डोक्यात हमीपत्र. डोळ्याची आखणी करताना त्याची रेघ कधी चुकली नव्हती, ती चुकली. बुबुळ किंचित सरकलं. गणपती आता समोर न बघता थोडा बाजूला बघत होता. साहेबांनी ते पाहिलं आणि अट पाळली गेल्याची नोंद केली.

मूर्ती गेल्या. पेणहून पनवेलला, ठाण्याला, मुंबईला, पुण्याला गेल्या. आणताना लोकांनी त्या उलट्या करून तळाचं लेबल वाचलं, सरकारी शिक्का बघून समाधान व्यक्त केलं आणि एकदोन सोसायट्यांनी तर पुढच्या वर्षीही लेबलवालीच द्या म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

पथक मात्र गाफील राहिलं नाही. उत्सवात सर्वत्र आवाहन केलं गेलं, की घरच्या वा मंडळाच्या गणपतीसमोर बसल्यावर कुणाचं मन शांत झालं, काळजी विसरली किंवा वेळेचं भान गेलं, तर त्यानं ताबडतोब पथकाला फोन करावा. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील. दिनानाथसाहेब दहाही दिवस फोनपाशी बसून होते.

फोन वाजला नाही. तुम्हीही केला नव्हता.