मास्टर कोणी चालू ठेवला

सोमवारी सकाळी साडेसातला राजानंद मगरे यांनी हँगरचं पत्र्याचं दार सरकवलं, विमानापाशी गेले, आत हात घातला आणि तसेच थांबले. डाव्या अंगाचा लाल मास्टर स्विच वर होता. वर म्हणजे चालू. शनिवारी संध्याकाळपासून बॅटरी कोणाच्याही उपयोगी न पडता झिजत राहिली होती आणि रविवारी कधीतरी तिने मुकाट्याने प्राण सोडला होता.

मगरेंनी स्विच खाली केला. आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं.

जालन्याजवळच्या धावपट्टीवर हे छोटंसं विमानप्रशिक्षण केंद्र होतं. केंद्राची विमानं दोन. त्यातल्या एकाचं इंजिन दुरुस्तीला हैदराबादला गेलेलं, त्यामुळे उडतं असं हे एकच. तेही सेहेचाळीस वर्षांचं, चार माणसं कशीबशी मावतील एवढं. मगरे हवाई दलात वीस वर्षं विमानांच्या तारा सांभाळून बदनापूरला घरी आले होते आणि गेली अकरा वर्षं या केंद्राच्या विमानांची वीज त्यांच्याच हाती होती. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला ते पहिल्या दिवशी विमानासमोर उभं करत आणि एकच गोष्ट सांगत. इंजिन बंद झालं म्हणजे विमान बंद झालं असं नाही. मास्टर खाली पडत नाही तोवर बॅटरी जागी असते. घरचा पत्ता विसरलात तरी चालेल, मास्टर विसरायचा नाही. हँगरच्या भिंतीवर त्यांनी हे लाल रंगात लिहूनही घेतलं होतं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘मास्टर’च म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं.

आणि आता स्विच त्यांनीच चालू ठेवला होता. यात शंकेला जागा नव्हती. शनिवारी शेवटचं उड्डाण दैवशाला पाडळेनं केलं. तिने विमान जागेवर लावलं, सगळं बंद केलं, तपासणीच्या कागदावर खुणा केल्या आणि गेली. त्यानंतर मगरे आत बसले. पॅनेलवरचे दिवे मधूनच मंद होत होते, ते पाहायला त्यांनी मास्टर वर केला. तेवढ्यात फाटकावर बदनापूरच्या काळीपिवळीनं हॉर्न वाजवला. ती चुकली तर पुढची मिळेलच असं नव्हतं. मगरे डबा उचलून निघाले.

आठ वाजता केंद्राचे प्रमुख कॅप्टन अण्णासाहेब तौर आले. मागोमाग दैवशाला आणि दोन नवे विद्यार्थी. इंजिन काही केल्या फिरेना. कॅप्टननी विचारलं काय झालं, तेव्हा एका वाक्यात सगळं संपलं असतं. पण ते दोघं नवे विद्यार्थी मगरेंकडे मोठ्या श्रद्धेने पाहत होते आणि त्यांच्या डोक्यावरच भिंतीवरची ती लाल अक्षरं होती.

“बॅटरी बसली,” मगरे म्हणाले. “म्हातारी झाली असंल.”

कॅप्टन तौर शिस्तीचे. त्यांनी विमानाची वही मागवली. बॅटरी तीनच महिन्यांपूर्वी बसवलेली होती आणि खाली मगरेंची स्वच्छ, वळणदार सही होती.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. पहिलं खोटं उभं राहीना म्हणून त्याला टेकू द्यायला दुसरं आणावं लागलं, आणि दुसरं आणताना मगरेंची सगळी विद्या उपयोगी पडली. ते म्हणाले, कुठेतरी वीज गळतेय. मास्टर बंद असताना सगळ्या तारा मेलेल्या असतात, फक्त घड्याळाची तार थेट बॅटरीला जोडलेली असते. ती पॅनेलच्या मागे कुठेतरी सोलली असणार.

कॅप्टननी वाकून पॅनेलवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते कित्येक वर्षं चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं.

“हे?”

“हेच.”

“हे चालत नाही ना?”

“चालत न्हाई,” मगरे गंभीरपणे म्हणाले, “पण खातं.”

कॅप्टननी टोपी काढली, हाताने केस मागे सारले आणि पॅनेल उघडायला सांगितलं. त्यात एक वेगळीच गंमत होती. या विमानाच्या तारा फार जुन्या झाल्या आहेत, सगळ्या काढून नव्या घालायला हव्यात, असे अर्ज मगरेंनी सहा वर्षांत सात वेळा दिले होते. दर वेळी कॅप्टन म्हणत, पुढच्या वर्षी पाहू. खऱ्या कारणांच्या सात अर्जांनी जे झालं नाही, ते एका खोट्या घड्याळानं अर्ध्या तासात झालं.

दुपारपर्यंत मगरेंनी पॅनेल सोडवून पुढे घेतलं. मागे तारांचा गुंता होता, चाळीस वर्षांत कोणी कोणी जोडलेल्या, चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या तारा. घड्याळाची तार त्यांनी पहिल्यांदा तपासली. ती धडधाकट होती. आता काय सांगावं या विचारात त्यांनी सहज तिच्या शेजारची जाड तार बोटावर घेतली आणि त्यांचा हात जागीच राहिला.

ती उतरतानाच्या मोठ्या दिव्याची तार होती. पत्र्याच्या कडेला घासून घासून तिचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्यावर रुपयाएवढा काळा डाग होता. ठिणग्या उडत आल्या होत्या, किती दिवस कोण जाणे. त्या डागापासून दोन बोटांवर पेट्रोलची बारीक नळी गेलेली होती.

मगरे खाली उतरले आणि विमानाच्या चाकापाशी जमिनीवर बसले. याच विमानात शनिवारी ती पोरगी एकटी वर गेली होती.

कॅप्टननी टॉर्चच्या उजेडात तो डाग पाहिला. मग त्यांनी मगरेंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मगरे, तुम्हाला वास आला. यंत्राला कळलं नाही, तुम्हाला कळलं.” त्याच दिवशी सगळ्या तारा नव्या घालायचा निर्णय झाला. कॅप्टननी ही हकिगत हैदराबादला फोन करून सांगितली, संभाजीनगरला सांगितली, पुण्याच्या एका जुन्या मित्राला सांगितली. प्रत्येक वेळी मगरेंचं नाक थोडं अधिक तीक्ष्ण होत गेलं.

मगरे काम करत राहिले. जुन्या तारा एकेक काढायच्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची, नवी मोजून घालायची, कडांना रबर बसवायचं. इतकी वर्षं हवं असलेलं काम हाताला लागलं होतं आणि त्याचा आनंद काही होत नव्हता. डबा अर्धा परत जाऊ लागला. पत्नीनं, कौसल्याबाईंनी, दोनदा विचारलं. पोट बरं नाही म्हणाले. हेही खोटंच होतं आणि तेही आता त्यांना जमायला लागलं होतं.

दैवशाला रोज येऊन जवळच बसे, चिठ्ठ्या लिहून देई. ती पिंपळगाव रेणुकाईची. वडील मिरचीवाले शेतकरी. परवान्याच्या परीक्षेआधी तिचं एकटीचं एक लांबचं उड्डाण बाकी होतं आणि विमान तर पोट उघडून बसलेलं. वडिलांनी गावात सांगून ठेवलं होतं की पोरगी रेणुकामातेच्या देवळावरून जाणार. ते रोज फोन करून विचारत की आज येऊन राह्यली का, म्हणजे लोकांना सांगायला बरं.

सहाव्या दिवशी दैवशालानं हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“सर, एक बोलायचंय. घड्याळाचं काही नव्हतं. मास्टर मी चालू ठेवला.”

मगरेंच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

ती खाली पाहून सांगत गेली. राखणदार मच्छिंद्रनं तिला चार दिवसांपूर्वी सहज विचारलं होतं, तो लाल दिवा आता लावत न्हाईत का म्हणून. शनिवारी दिवेलागणीला त्याला दाराच्या फटीतून विमानाच्या शेपटीवरचा लाल दिवा लुकलुकताना दिसला होता. साहेबांचं काही काम चालू असंल म्हणून तो बोलला नाही. शेपटीवरचा तो दिवा मास्टर चालू असल्याशिवाय लागत नाही, हे दैवशालाला मगरेंनीच शिकवलं होतं.

“शेवटची मीच होते,” ती म्हणाली. “कागदावर खूण केलीय मी, पण सर, खूण तर हाताला सवय झाल्यासारखी होते. मला स्विच दाबल्याचं बिलकुल आठवत न्हाई. चार दिवस झाले, मपल्या हातावरच भरोसा राह्यला न्हाई. परीक्षाच द्यावी का न्हाई, असं वाटून राह्यलंय. कॅप्टन सरांना लेखी देऊन आले मी आत्ताच.”

मगरेंनी पक्कड ठेवली. आपली अब्रू गेली असती तर ते एक वेळ सोसलं असतं. पण ही पोरगी आपल्या हातावरचा विश्वास गमावून बसली होती, आणि वर आभाळात माणसाकडे तेवढाच एक सोबती असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“दैवशाला, तो मी ठेवला,” ते म्हणाले. “तू गेल्यावर मी आत बसल्तो. दिवे बघत होतो. गाडीचा हॉर्न वाजला अन् मी तसाच गेलो. तुझी खूण खरी आहे.”

तिने वर पाहिलं. डोळे भरले होते. मग वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं ती हळूच म्हणाली, “हो सर.” त्या ‘हो’चा अर्थ मगरेंना लगेच कळला. तिचा विश्वास बसला नव्हता. तिला वाटलं, सर आपल्याला पाठीशी घालताहेत.

मगरे तडक कॅप्टनच्या खोलीत गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बॅटरी म्हातारी झाल्याचं खोटं, घड्याळाचं खोटं, काळीपिवळी, डबा, सगळं. कॅप्टन मान हलवत ऐकत राहिले. शेवटी खुर्चीवरून उठले.

“ती आत्ताच लेखी देऊन गेली,” ते म्हणाले. “आणि तुम्ही तिला वाचवायला आलात. मला वाटलंच होतं.”

“साहेब, मी खरं सांगून राह्यलो.”

“मगरे, अकरा वर्षं ओळखतो तुम्हाला. तुम्ही मास्टर चालू ठेवाल? भिंतीवर कोणी लिहिलंय ते?”

मगरेंनी मग कागद घेऊन तिथेच कबुली लिहिली, खाली तारीख घातली, सही केली. कॅप्टननी ती दोनदा वाचली, घडी करून आपल्या खिशात ठेवली. असा कागद नोकरीभरात पाहिला नाही, म्हणाले. दैवशालाला त्यांनी बोलावून सांगितलं की तुझ्यावर काही कारवाई नाही, तारा झाल्या की पहिलं उड्डाण तुझंच. तिचं लेखी त्यांनी तिच्यासमोर फाडलं. मगरेंचं मात्र फाडलं नाही. ते त्यांनी पुढच्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं.

मगरेंनी एकच गोष्ट आपल्या बाजूने करून घेतली. पुढचे आठ दिवस काम संपल्यावर त्यांनी दैवशालाला रोज अर्धा तास विमानात बसवलं आणि इंजिन बंद करण्याची सगळी क्रिया डोळे मिटून करायला लावली. पहिल्या दिवशी तिचा हात अडखळला. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपला हात मास्टरवरून कधीच पुढे जात नाही. बोलण्यात गुंतवलं तरी जात नाही. दुसऱ्या दिवशी ती परीक्षेचं पुस्तक घेऊन आली.

चौथ्या आठवड्यात तपासणी झाली, कागद झाले आणि एका स्वच्छ सकाळी दैवशाला एकटी वर गेली. ठरल्या वाटेनं ती पिंपळगावावरून गेली आणि दोन तासांनी परत येऊन इतकी अलगद उतरली की कॅप्टननी टाळी वाजवली. तिचे वडील, आदिनाथ पाडळे, पहाटेच निघून धावपट्टीवर आले होते, त्यामुळे गावावरून जाणारं विमान एकट्या त्यांनाच दिसलं नाही. याची त्यांना काही खंत नव्हती. गावातून एकामागून एक फोन येत होते आणि ते प्रत्येकाला, बराबर दिसलं ना, एवढंच विचारत होते.

मग ते मगरेंकडे आले. सोबत वाळल्या मिरचीचं पोतं होतं. काही कळायच्या आत ते वाकले आणि त्यांनी मगरेंच्या पायाला हात लावला.

“साहेब, पोरीनं सगळं सांगितलं. तुम्ही तिचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला.”

“दादा, गुन्हा माझाच होता,” मगरे म्हणाले. “तिचा न्हाई. मी शपथेवर सांगतो.”

आदिनाथ पाडळ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “हेच,” ते कॅप्टनकडे वळून म्हणाले, “हेच सांगत होती ती. अजून बी कबूल करून न्हाई राह्यले.”

मगरे मिरचीचं पोतं घेऊन काळीपिवळीत बसले. महिनाभरात त्यांनी तीन माणसांना खरं सांगितलं होतं आणि दर खऱ्यागणिक ते अधिक मोठे होत गेले होते. आता धावपट्टीवर कोणाला सांगायची सोय उरली नव्हती.

घरी कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. मगरे हातपाय धुऊन आले, पाटावर बसले आणि कोणी विचारलेलं नसताना त्यांनी सगळी हकिगत सांगून टाकली. मास्टर मी चालू ठेवला, पण कोणी मानत नाही, असं म्हणून ते थांबले.

कौसल्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“त्यात न मानायला काय झालं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच ठेवला असंल.”

मगरेंनी मान वर केली. “कशावरून?”

“मागच्या महिन्यात पाण्याची मोटर चालू ठेवून पेपर वाचत बसल्ते. शेजारच्या बेबीनंदाच्या अंगणात तळं झाल्तं. संक्रांतीला इस्त्री. त्याच्या आधी लेकीकडं गेल्तो तवा चार दिवस पंखा. संडासातला दिवा तर मी रोजच बंद करते. तुम्हाला काही म्हणले का मी कधी?”

मगरेंना इस्त्रीबद्दल काही सांगायचं होतं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. अंगावरून काहीतरी जड उतरावं तसं त्यांना वाटलं. जगात एक तरी माणूस असं होतं, ज्याला ते कसे आहेत हे नक्की माहीत होतं.

“अजून एक वाढ,” ते म्हणाले.

कौसल्याबाईंनी भाकरी वाढली. ती संपली तेव्हा त्यांनी आणखी एक मागितली.