गप्प बसणाऱ्यांचं मशीन

आमचे दाजी मशीनशी भांडतात. मशीन म्हणजे खांद्याला लटकवायचं, ऑक्सिजनचं. त्याची नळी दाजींच्या नाकात आणि दाजींचं तोंड कायम उघडं. नाकानं श्वास ओढला तरच हे मशीन ऑक्सिजनची फुंकर सोडतं. दाजी बोलायला लागले की त्याला श्वास सापडत नाही, आणि ते टीं टीं करत सुटतं. "बोलून राहिलो म्हणजे जित्ता हाय, एवढं बी कळंना ह्याला," असं म्हणून दाजी पुढचं वाक्य त्याच्याही वर आवाज चढवून पूर्ण करतात. नांदेडच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली. फुप्फुसं गेली, आवाज तेवढा राहिला.

मशीन मी घ्यायला लावलं. जाहिरातीत एक म्हातारा ते लटकवून डोंगरावर हसत उभा होता. तो खाली उतरला का, हे मी विचारलं नाही. खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सिलिंडर जिन्यानं वर चढवायला ताई मला बोलवायची आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

बॅटरी कागदावर दुपारभर चालते. कागदाला चालायचं नसतं. दाजी आता लग्नाला निघताना मुहूर्त नंतर विचारतात, प्लग आधी. एकदा अक्षता पडताना ते स्टेजमागे डीजेवाल्याच्या बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसलेले सापडले. दुसऱ्या बॅटरीची किंमत ऐकून दुकानदाराला म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येती. अन् लाईट गेली तरी ती बंद पडत न्हाई." दुकानदार पोट धरून हसला. किंमत कमी केली नाही.

मग पंचमी आली. दाजी दरवर्षी मुराळी होऊन अहमदपूरला जातात, थोरल्या बहिणीला माहेरी आणायला. आक्का स्वतः आता पणजी झाल्यात, पण भाऊ न्यायला आल्याशिवाय माहेराकडे पाऊल टाकत नाहीत. यंदा एसटी जमणार नव्हती, म्हणून मी गाडी काढली.

वाटेत दाजी चकार शब्द बोलले नाहीत. नाकानं श्वास ओढत बसले होते. शेवटी शहाणे झाले म्हणायचे, असं मला वाटलं. ते श्वास साठवत होते. आक्कांच्या दाराशी त्यांनी नळी काढली आणि मशीन सीटवर ठेवून दिलं. मी नको म्हणालो.

"नळी लावलेला मुराळी कुठं असतो का, पाव्हणे? तिला वाटंल, न्यायला आला का इथंच ऱ्हायला आला."

आत जाऊन दाजींनी पाऊस काढला, पोरं काढली, नांदेडचे खड्डे काढले. आक्का नुसत्या त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. एका वाक्याच्या मध्येच दाजींनी दाराची चौकट धरली. ओठ जांभळे पडले होते.

"बाबू," आक्का म्हणाल्या, "यंदा गुडघे लई धरलेत रे. गाडीत बसणं व्हायचं न्हाई. फुडल्या पंचमीला ये."

दाजींनी आग्रह केला नाही. करायला श्वास नव्हता.

गाडीत मी त्यांच्या नाकात नळी घातली. परतीच्या वाटेवर लोहा गाव येईपर्यंत मशीन बिनतक्रार चाललं. मग ते म्हणाले, "पाव्हणे, खाटंखाली तिची पिशवी भरून ठेवल्याली होती. बघितली का तुम्ही?"

बघितली होती. वर नव्या लुगड्याची घडी होती.

"न्हाई," मी म्हणालो.