गगनवीर, पवनवीर आणि तोताराम नानांचा तक्ता

वाचनालयाच्या ग्रंथपाल सारिका मॅडमचा फोन आला तेव्हा तोताराम नाना दाढी करत होते. फोन संपेपर्यंत अर्ध्या गालावरचा फेस वाळला आणि नाना एका गोष्टीला हो म्हणून बसले. कशाला, ते मात्र त्यांना नीट कळलं नव्हतं. ‘निवाडा’, ‘मुलं’ आणि ‘तुमच्याशिवाय दुसरं कोण’ एवढे तीनच शब्द त्यांनी पकडले होते, आणि तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला तेवढे पुरे होते.

वाचनालयात गेल्यावर उलगडा झाला. पारोळ्याचाच योगेंद्र, लहानपणी याच वाचनालयात वाढलेला आणि आता पुण्यात नोकरीला असलेला, मुलांसाठी चित्रकथांचा साठ अंकांचा पक्क्या बांधणीचा संच भेट देणार होता. पण संच एकाच महानायकाचा. गगनवीर हवा की पवनवीर, ते मुलांनी ठरवून शनिवारी कळवायचं. मुलांनी मतदान घेतलं, ते एकोणीस-एकोणीस झालं. मग भांडण घेतलं, तेही बरोबरीत सुटलं.

त्यात कशिश आणि दिपमालाचं फार वाईट झालं. दोघी बालवाडीपासून एका बाकावर, आता सातवीत. कशिश गगनवीराची, दिपमाला पवनवीराची. “तुझा उडत नाही, नुसता तरंगतो,” असं दिपमाला बोलून गेली आणि त्या दिवसापासून दोघी वाचनालयाच्या लांब बाकाच्या दोन टोकांना बसू लागल्या. मधल्या जागेत कोणी बसायला धजत नव्हतं. कार्यकारी मंडळाचं म्हणणं पडलं की ज्यानं जन्मात चित्रकथा वाचली नाही, असा तटस्थ माणूस शोधावा. असे गावात पुष्कळ होते. पण निकाल लेखी आणि कारणांसह देणारे नाना एकटेच.

दोघांचे दहा-दहा अंक पिशवीत घालून नाना घरी आले आणि खाटेवर मांडून वाचायला बसले. दुपारपर्यंत त्यांचं डोकं गरगरायला लागलं. गगनवीराला निळा अंगरखा आणि पाठीवर लाल शेला. पवनवीराला लाल अंगरखा आणि निळा शेला. दोघंही पोरके. दोघांनाही एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं वाढवलेलं. दोघंही दिवसा कुठल्याशा कार्यालयात चष्मा लावून कारकुनी करत, आणि चष्मा काढला की सख्ख्या शेजाऱ्यालासुद्धा ओळखू येत नसत. नानांनी स्वतःचा चष्मा काढून आरशात पाहिलं. आरशात त्यांना काहीच दिसलं नाही, पण तो मुद्दा वेगळा होता.

नानांच्या पत्नी वच्छलाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. “हाऊ बठ्ठा पसारा काय शे? ह्या वयमा हाई काय सुचनं तुम्हले?”

नानांनी त्यांना प्रकरण समजावून सांगितलं. त्यांनी दोन्हीकडची चित्रं बारकाईनं पाहिली आणि दोघे जुळे भाऊ असतील, एकाला दिलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, असा अभिप्राय देऊन त्या आत गेल्या.

नानांनी मग आपला हुकमी मार्ग धरला. तुलनात्मक तक्ता. उड्डाण, शक्ती, धाडस, वर्तणूक, जनतेशी वागणूक, असे रकाने आखले. मनात पक्षपात येऊ नये म्हणून वीरांची नावं न लिहिता एकाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ केलं, आणि अ कोण, ब कोण ते एका चिठ्ठीवर टिपून चिठ्ठी एका अंकात ठेवून दिली. निविदा उघडताना साहेब अशीच काळजी घेत.

पाच दिवस तक्ता समसमान चालला. अ नं आगगाडी थांबवली, तर ब नं आगबोट उचलली. अ ला पाण्याची भीती, ब ला विजेची. सहाव्या दिवशी मात्र नाना वाचता वाचता ताठ बसले. धरणाला तडा गेला होता, खालची गावं धोक्यात होती, आणि अशा घाईतही अ नं आधी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि मग उड्डाण केलं. नानांनी वर्तणुकीच्या रकान्यात अ ला पैकीच्या पैकी गुण दिले. ब काय करत होता, ते त्यांनी पुन्हा तपासलं. ब प्रत्येक वेळी खिडकीतून उडी मारून जात होता. विनापरवानगी गैरहजर, दहा अंकांत चौदा वेळा. नानांनी ब पुढे लाल रेघ ओढली.

शनिवारी जेवण झाल्यावर त्यांनी निकाल लिहायला घेतला. ‘सबब, सर्व बाबींचा साकल्याने विचार करता अ म्हणजेच’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. चिठ्ठीसाठी ते खाटेकडे वळले. खाट मोकळी होती. वच्छलाबाईंनी सकाळी दवाखान्यात जाता जाता सगळे अंक वाचनालयात परत केले होते. खाट आठवडाभर अडली होती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नाना खाटेवर बसून आठवू लागले. ग आधी येतो, प नंतर. म्हणजे गगनवीर अ असणार. पण तसं कोणीही ओळखेल म्हणून आपण मुद्दाम उलट केलं होतं, असंही त्यांना आठवत होतं. मग उलट करणं फारच उघड दिसतं म्हणून पुन्हा सरळ केलं होतं की नाही, तिथे येऊन आठवण अडकत होती. त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं, अर्ज लिहिणारा कोणता होता. “तो निळा,” त्या म्हणाल्या. अंगरखा निळा की शेला निळा, हे विचारल्यावर त्या भाजी निवडायला आत निघून गेल्या.

चार वाजता वाचनालय गच्च भरलं होतं. परत आलेले अंक केव्हाच मुलांच्या हातोहात गेले होते, चिठ्ठी कुठे असेल ते देवाला ठाऊक. सारिका मॅडमनी योगेंद्रला फोन लावून टेबलावर ठेवला होता. नाना उभे राहिले. त्यांनी पाऊण तास पुरेल अशी प्रस्तावना सुरू केली, पण मॅडमनी हळूच सांगितलं की पुण्याहून फोनवर माणूस थांबलाय.

“अ,” नाना म्हणाले.

“अ म्हणजे कोण, नाना?”

“गगनवीर,” नाना म्हणाले, आणि खाली बसले.

आता कशिश नाचेल आणि दिपमाला रडेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. झालं उलटंच. कशिशचा चेहरा पडला. दिपमाला ओठ दाबून हसू लपवत होती. ज्यांनी टाळ्या वाजवायच्या ती मुलं गप्प, आणि ज्यांनी गप्प बसायचं ती टाळ्या वाजवत होती. हे काय चाललंय ते नानांना कळेना. सारिका मॅडमनी मुलांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा एकेक जण कबूल झाला. समोरच्याच्या वीरात चुका काढायच्या म्हणून सगळ्यांनी आठवडाभर समोरच्याचेच अंक वाचले होते. वाचता वाचता बहुतेक सगळे फितूर झाले होते, आणि लाजेनं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कशिशला आता पवनवीर हवा होता.

“तो निदान सांगून तरी जातो, नाना,” ती रडवेली होऊन म्हणाली आणि तिनं हातातला अंक उघडून दाखवला. धरण, टेबल, अर्ज, पेपरवेट. आणि अर्ज ठेवून उडणाऱ्या माणसाच्या अंगावर लाल अंगरखा होता.

नानांचा अ हाच होता. नाना गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण ते पुन्हा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “या निकालात माझी चूक झालेली आहे. अ म्हणजे पवनवीर.”

एकच गलका उठला. दिपमालाचं म्हणणं, हुकूम एकदा निघाला तो निघाला. कशिशचं म्हणणं, चुकीचा हुकूम पाळायचा कशाला. दोघी आठ दिवसांत पहिल्यांदा एकमेकींशी बोलत होत्या, आणि तेही ओरडून. फोनमधून योगेंद्र विचारत होता की मग पाठवू काय. नानांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं की हरकत असेल तर लेखी अपील करावं लागेल.

मुली उठून कोपऱ्यात गेल्या. नानांनी पाणी मागितलं. आता हे मिटलं की या वाचनालयाची पायरी चढायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दहा मिनिटांनी कशिशनं त्यांच्यासमोर कागद ठेवला. नानांनी तो चष्मा पुसून वाचला. डाव्या बाजूला पट्टीनं आखलेला समास. वर दिनांक. ‘प्रति, मा. अपील अधिकारी.’ विषय एका ओळीत. खाली अर्जदाराची सही, आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून दिपमालाची.

“तुझा तर अपिलाला विरोध आहे ना?” नानांनी तिला विचारलं.

“आहेच. पण हिला समास आखता येत नाही,” दिपमाला म्हणाली.

नानांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. काढायला एकही त्रुटी नव्हती. त्यांनी योगेंद्रला आणखी आठ दिवस थांबायला सांगितलं, खिशातलं पेन काढलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘सुनावणीस घ्यावे.’