दीड वितीचे आजोबा

“सापसुद्धा निदान फुस्स तरी करतो. ही सून तेवढंही करत नाही.”

हे अगोसी आत्याबाई माझ्या सासूबाईंना सांगत होत्या, अंगणातल्या चुलीपाशी, मक्याचं पीठ घोटता घोटता. मी तिथून तीन हातांवर रांजणांमागे पाणी भरत होते. (मी इतकी शांत असते की लोक मला रांजणांतच धरतात.) माझं नाव फिफामे. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘शांततेत’. आईवडिलांनी नाव ठेवलं आणि मी ते पाळलं, एवढाच माझा गुन्हा.

लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. घर सासऱ्यांचं, पण हुकूम आत्याबाईंचा. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. ते आत्याबाईंच्या प्रत्येक वाक्यावर नुसता शिक्का मारतात. माझा नवरा सेग्ला शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे घरात आपण नेमके कुठे आहोत हे त्याला अचूक ठाऊक आहे.

ते बोलणं माझ्या मनाला लागलं. आपल्याला बोलता येत नाही, तर निदान लोकांना बोलायला विषय तरी द्यावा, असा विचार करून मी एक छोटीशी गोष्ट केली. आमच्या खोलीतला एक डबा उचलला आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर नेऊन ठेवला.

डब्यात अजगराचं पिल्लू होतं. माझे वडील अजगर पाळण्याच्या शेतावर कामाला आहेत. लग्नात मला कापडं मिळाली, घमेल्यांची उतरंड मिळाली, आणि निघताना वडिलांनी हा भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा हातात दिला. “सासरी करमलं नाही तर सोबत होईल,” म्हणाले. पिल्लू दीड वीत लांब, करंगळीएवढं जाड. दिवसभर नारळाच्या करवंटीखाली चेंडू होऊन बसायचं आणि दर शुक्रवारी उंदराचं एक पिल्लू गिळायचं. त्या घरात माझ्याइतकं कमी बोलणारं तेवढं एकच होतं. आमचं छान जमायचं.

आत्याबाई आल्या, डब्यात डोकावल्या. “हे काय रे?”

“अजगराचं पिल्लू, आत्या,” सेग्ला म्हणाला.

आत्याबाईंनी चपला काढल्या आणि जमिनीवर गुडघे टेकले. “पिल्लू? आजोबा म्हण, मेल्या!”

आता आमच्या उईदा गावात अजगराला आजोबा म्हणून मान देतात हे काय मला ठाऊक नव्हतं? रस्त्यात भेटला तर आम्ही वाट देतो, घरात शिरला तर पाहुण्यासारखा उचलून देवळात पोचवतो. पण जे कालपरवा अंड्यातून निघालं, ते आल्याआल्या आजोबा होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

“देवळात सोडू या का?” सेग्लाने विचारलं.

“सुनेच्या माहेरून आलेल्या आजोबांना घराबाहेर काढतोस? आणि तुझ्या सासऱ्याने त्यांना डब्यात घालून पाठवलं? भाकरतुकडा आहेत का ते?”

“पण आत्या, तो अजून लहान...”

“आजोबा लहान?”

सासऱ्यांनी शिक्का मारला.

तासाभरात सासऱ्यांच्या काचेच्या कपाटातल्या बशा बाहेर आल्या आणि आजोबा आत गेले. कपाट माणूसभर उंच, धुऊनपुसून लख्ख, आत दोन दिवे. बाकी काहीही नाही. एवढ्या उजेडात ते बिचारं काचेच्या कोपऱ्याला चिकटून, डोकं अंगाखाली खुपसून पडलं. गल्ली दर्शनाला लोटली. प्रत्येकाने काचेवर टकटक केली. (मान देण्याची ही कुठली रीत ते मला अजून कळलेलं नाही.)

शुक्रवारी आजोबा जेवले नाहीत. पुढच्या शुक्रवारीही नाहीत.

वडिलांकडून लहानपणापासून एकच ऐकत आले होते: पिल्लाला मोठी जागा दिलीत तर ती भरा. लपायला जागा, अंगाला टेकायला काहीतरी, अंधार, ऊब. उघड्यावर त्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी खाणार. ज्याला असं वाटतं तो स्वतः काय खाणार? मी हे सगळं सेग्लाला नीट समजावून दिलं. त्याने ते जेवताना नीट मांडलं.

“आत्या, फिफामे म्हणते, आजोबांना अडगळ हवी.”

“अडगळ?” आत्याबाईंच्या हातातला मासा खाली पडला. “माझ्या भावाच्या घरात आजोबांना अडगळीत ठेवायचं?”

“अडगळ म्हणजे... दाटीवाटी.”

“बशा काढून जागा केली ती दाटीवाटीसाठी?”

सेग्लाने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीकडे पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात कपाट रिकामं सापडलं. सरकत्या काचांमध्ये बोटभर फट होती. गहजब झाला. सासरे खुर्चीवर चढून उभे राहिले. (“आजोबांवर पाय पडू नये म्हणून,” असं त्यांनी तीनदा सांगितलं.) शेवटी आजोबा सापडले ते आत्याबाईंच्या पेटीत, डोक्याला बांधायच्या फडक्यांच्या चळतीत, तिसऱ्या आणि चौथ्या घडीच्या मध्ये घट्ट दाबून बसलेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते मला निवांत दिसले.

आता तरी कळेल, असं मला वाटलं.

“कळलं!” आत्याबाई म्हणाल्या. “कपाट त्यांना अपुरं पडतंय. म्हणून ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. घरातली सगळ्यात मोठी खोली कुणाची?”

सगळ्यात मोठी खोली आमची होती. नव्या जोडप्याला म्हणून सासऱ्यांनी मोठ्या मनाने दिलेली.

“पण आत्या, आम्ही झोपायचं कुठे?” सेग्ला म्हणाला.

“तरुण आहात. कुठेही झोपाल.”

तर आजोबांना चौदा फुटांची खोली मिळाली आणि आम्हाला बोळ. त्या बोळात पाच दारं उघडतात, आणि पाचही दारांतली माणसं जाता येता खोकतात. त्याचं मला काही नव्हतं. पण आजोबांच्या पाठीचा कणा आता वरून दिसू लागला होता. उंदराचं पिल्लू पुढे ठेवलं की ते उलट भिंतीकडे सरकायचे. मी मिरच्या वाटताना रडायचे. मिरच्या वाटताना सगळेच रडतात, म्हणून कुणी विचारलं नाही.

एका सकाळी बोळातल्या माझ्या घमेल्यांना सासऱ्यांचा पाय लागला. “अरे, हे सामान कुठेतरी हलवा!”

आज्ञा पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी सगळी घमेली आजोबांच्या खोलीत नेली आणि आत शिरायला फट राहावी म्हणून कडेखाली एकेक खडा सरकवून पालथी घातली. कापडं चुरगळून मध्ये कोंबली. गुंडाळलेल्या चटया, फुटकी मडकी, करवंटी, सगळं चुलीकडच्या उबदार भिंतीला लावलं. खिडकी लोटली, भिंतीतलं भोक मातीने लिंपलं, दाराखालची फट फडक्याने बुजवली. चौदा फुटांत चालायला जेमतेम एक वाट उरली.

तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. “हे काय मांडलंयस आजोबांच्या महालात?”

मी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. आत्याबाईंच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. तोवर त्या घरात माझ्यापेक्षाही कमी बोलत आल्या होत्या, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

“आहेर आहे, वन्सं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सुनेनं आपलं सगळं आजोबांपुढे ठेवलंय. तुमचं काही ठेवायचंय का?”

सून आहेर करते आणि आपण मागे राहतो हे काही आत्याबाईंना झेपेना. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दोन पेट्या आत आल्या. शेजारणीला कळलं, तिचे चार हंडे आले. सासऱ्यांनी पोस्टातल्या जुन्या पिशव्या दिल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरातली नको असलेली वस्तू तीन दिवसांत भक्तिभावाने आजोबांच्या चरणी आली. (पिल्लाला चरण नसतात, पण तेवढं कोण बघतं?)

नवव्या दिवशी मी उंदराचं पिल्लू एका पालथ्या घमेल्यापाशी ठेवलं, दार लावलं आणि दाराखालचं फडकं जरा सरकवून बघत बसले. आधी एक नाकपुडी दिसली. मग एकदम झडप. आजोबा जेवले.

आत्याबाईंनी बातमी अख्ख्या गल्लीला दिली. “मोठी खोली दिली तेव्हा कुठे जेवले! मी पहिल्यापासून हेच सांगत होते!”

“मग आता आमची खोली आम्हाला?” सेग्लाने विचारलं.

“जेवायला लागलेल्या माणसाला कुणी पानावरून उठवतं का रे?”

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर सगळे जेवायला बसले. (आमच्याकडे देऊळ आणि चर्च दोन्ही चालतं.) आत्याबाई फारच प्रसन्न होत्या. त्यांनी हात पुसले आणि मोर्चा आमच्याकडे वळवला.

“चला, आजोबांचं मार्गी लागलं. आता तुमचं बोला. लग्नाला पाच महिने झाले. पाठीवर बाळ कधी बांधणार? हा सेग्ला तर माशातच बघतोय. सूनबाई, तू तरी काही सांगशील की नाही?”

सेग्ला माशात आणखी खोल गेला. सासरे खोकले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वाटी खाली ठेवली, अंगावरच्या कापडाला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“आत्याबाई, ते आता आजोबांनाच विचारा. खोली त्यांच्याकडे आहे.”