जागतिक लसलेख मोजणी केंद्र, गारखेडा

मानवजातीच्या प्रगतीत काम करणाऱ्यापेक्षा झालेलं काम मोजणाऱ्याचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वमान्य झालं आहे (सर्व म्हणजे मोजणारे). याच तत्त्वावर आमचं केंद्र गारखेड्यात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर उभं आहे. संसर्गजन्य रोगांच्या लसींवर जगभरात किती शोधनिबंध छापले जातात, ते आम्ही मोजतो. वाचत नाही. वाचलं की मोजणी मंदावते.

गिरणी चालू असली की टेबल हलतं आणि आलेख थोडा वर जातो. ती वाढ आम्ही मागासलेल्या देशांना वाटून देतो.

संचालक डॉ. तात्यासाहेबांचा मूलभूत शोध असा, की शोधनिबंध ही लग्नपत्रिका असते. वर रोग आणि लस, खाली नावंच नावं. राबतो एकजण, पण निमंत्रकांत काकांचं नाव राहिलं तर काका मांडवात पाय ठेवत नाहीत. शेवटची संदर्भसूची म्हणजे आहेर: त्यानं आपल्याला टॉवेल-टोपी केली, की आपण त्याला करायची. जागतिक वाढीपैकी त्र्याहत्तर टक्के वाढ अशा फिरत्या टोप्यांची आहे (उरलेली सत्तावीस टक्के मोजायची राहिलीय).

परवाच्या बुधवारी भागूबाई जिना चढून आल्या. शेत बिडकीनच्या पुढं. सकाळी पोटरीला कुत्रं चावलं, गावच्या दवाखान्यात इंजेक्शन संपलेलं, आणि रिक्षावाल्यानं आमच्या पाटीवर ‘लस’ वाचून त्यांना इथं उतरवलेलं.

“साहेब, सुई द्या. कुत्रं पिसाळल्यावानी करीत व्हतं.”

तात्यासाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि आलेख दाखवला. रेबीजच्या लसीवरचे निबंध दहा वर्षांत दुप्पट झालेत, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

“ह्यो कागद पायाला बांधायचा व्हय?”

“मावशी, हे आंतरराष्ट्रीय काम आहे.”

“कुत्रं गावातलंच व्हतं.”

या मुद्द्यावर तातडीची बैठक बोलावली. जखम साबणानं धुवावी, असं सांगणारे निबंध किती, यावर पाऊण तास चर्चा होऊन चारशे बारा हा आकडा एकमतानं मंजूर झाला. तेवढ्यात भागूबाईंनी खाली जाऊन गिरणीवाल्या कडूबाकडून साबण घेतला आणि नळाखाली पाय धुतला (ठरावाची प्रत न मिळता).

मग मोजणी सहायक गयास उठला. “सर, मौसी को मैं घाटी के सरकारी दवाखाने ले जातूं. स्कूटर है.”

“हजेरीत काय लिहायचं?”

“लिखो, क्षेत्रभेट.”

अकरा वर्षांत केंद्राची ही पहिलीच क्षेत्रभेट. घाटीत भागूबाईंना पहिलं इंजेक्शन मिळालं. गयासला अर्धी रजा लागली, कारण क्षेत्रभेटीचा रकाना आमच्या रजिस्टरात नाही.

त्या एका इंजेक्शनवर आमचा निबंध तयार आहे: ‘लसीपर्यंतचा मानवी प्रवास: एक जागतिक दृष्टिक्षेप’. लेखक बेचाळीस. पहिले तात्यासाहेब, दुसऱ्या त्यांच्या सौभाग्यवती (बैठकीचा चहा), पाचवा कडूबा (साबण), बेचाळिसावा गयास. भागूबाईंचं नाव घेता आलं नाही, कारण त्यांचा या विषयातला आधीचा निबंध नाही. कुत्र्याचे आभार मानले आहेत.

डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन शनिवारी सांगितलंय. ते चुकवायचं नाही, असं बजावलंय. शनिवारी गयासची स्कूटर निबंधाच्या झेरॉक्स वाटायला लागणार आहे, आणि भागूबाईंच्या वस्तीवरून एस.टी. जात नाही. तुमच्याकडं गाडी आहे का?

नसेल जमत तर राहू द्या. मनापासून हळहळलेल्या वाचकांत आम्ही तुम्हाला मोजून घेतलंय.